बारशाचे एकेचाळीस फोटो

"माझी मस खाल्ली हिनं," भागुबाई पडद्यापलीकडे पुटपुटत होती. "साठ वर्सं गालावर वागवली. नवरा कधी काय बोलला न्हाय, सासू कधी काय बोलली न्हाय, आन् हिनं एका दुपारी खाल्ली."

पडदा पातळ आहे आणि भागुबाईला ते चांगलं माहीत आहे. बोर्लीच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे एक खोली आणि तिच्या मध्यावर निळा पडदा. अलीकडे मी आणि कॉम्प्युटर, पलीकडे दिवे, स्टूल आणि गिऱ्हाईक. भागुबाईचा फोटो मी पेन्शनच्या कागदाला काढला होता, आणि माझा हात सवयीने तिच्या गालावरून फिरला होता. बँकेतल्या माणसाने फोटो बघितला, भागुबाईला बघितलं आणि विचारलं, आजी, ही कोण?

"बसा भागुबाई, दुसरा काढते," मी आतून म्हणाले. "मशीसकट."

"सुरकुत्या बी ऱ्हाऊ दे. मोजून घेनार हाय मी."

मी हसले. त्या दिवशी तेवढंच हसले.

भागुबाईचा फोटो काढत असताना सखू दारात येऊन उभी राहिली. सखू माझी मैत्रीण. एकाच वर्षी आम्ही दोघी लग्न होऊन या बौद्धवाडीत आलो, आणि गेली तीस वर्षं तिच्या घरातलं मीठ संपलं की तिचा हात माझ्या बरणीत असतो. स्टुडिओत ती कधी गिऱ्हाइकाच्या बाजूला थांबत नाही, सरळ पडदा सारून आत येते आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते. त्या दिवशी मात्र भागुबाई जाईपर्यंत ती भिंतीवरच्या फ्रेमा बघत बाहेरच उभी राहिली. त्या फ्रेमा तिने हजारदा बघितल्या आहेत.

"प्रज्ञा येईल दुपारनं," ती म्हणाली. "फोटो मागंल. सनीच्या बारशाचं. तू नीट केलंस ते न्हाय, आदीचं. कॅमेऱ्यातलं."

"कशाला?"

"मुंबैच्या डॉक्टरनं मागितल्यात." तिने पदराने गळा पुसला. "फोटो उडालं म्हन तिला."

प्रज्ञा ही सखूची सून, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सनी तिचा मुलगा, अकरा महिन्यांचा. घाटात त्याला उलट्या होतात म्हणून तीन दिवसांपूर्वी प्रज्ञा आणि रत्नपाल, सखूचा मुलगा, त्याला दिघीहून खाडीपार नेऊन, पुढे रेवसहून लाँचने मुंबईला घेऊन गेले होते. सनीच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. मोतीबिंदू म्हाताऱ्यांना होतो असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. डॉक्टरांनी मशीन लावून डोळ्याच्या मागचं सगळं तपासलं, त्याहून वाईट काही नाही एवढं सांगितलं. पण एक प्रश्न त्यांनी पुन्हा पुन्हा विचारला, की हा पांढरेपणा कधीपासून आहे?

हे मला सखूनेच सांगितलं, तुटक तुटक, फ्रेमांकडे बघत. बाळाचा डोळा जन्मापासून झाकलेला असेल तर त्या डोळ्याने बघायला डोकं शिकतच नाही, मग ऑपरेशन करूनही फारसं हाती लागत नाही. पण आधी डोळा चांगला असेल आणि मोतीबिंदू मागाहून आला असेल, तर ऑपरेशन, चष्मा, चांगल्या डोळ्यावर रोज थोडा वेळ पट्टी, असं करून पुष्कळ नजर येऊ शकते. म्हणून डॉक्टरांनी जुने फोटो मागितले होते. फ्लॅश मारलेले, आणि कोणी हात न लावलेले.

"मग प्रज्ञाला काय वाटतंय?"

"तिला वाटतं, बारशाच्या वक्ताला डोळा चांगला हुता. आमच्या घरच्या फ्रेममदी चांगलाच हाय न्हवं?"

"सखू, फ्रेममधला डोळा मी केलेला आहे."

"त्ये मला काय म्हायती," सखू म्हणाली.

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

आता थोडं मागचं सांगते, नाहीतर सखूच्या त्या चार शब्दांनी माझं काय झालं ते कळायचं नाही.

कॅमेरा मला कोणी शिकवला नाही. जुना घेतला आणि त्याच्यासोबतचं इंग्रजी पुस्तक मुलीच्या शाळेच्या डिक्शनरीने वाचलं. माझ्या पहिल्या लग्नात, म्हणजे मी फोटो काढले त्या पहिल्या लग्नात, नवरीची पांढरी साडी सुंदर आली, मेणबत्त्या सुंदर आल्या आणि नवरा-नवरी दोघंही झपाटल्यासारखी आली. चार डोळे, चारही लालबुंद. नवरीच्या आईने अल्बम परत आणून माझ्या मांडीवर ठेवला आणि निघून गेली.

तेव्हापासून मी लाल डोळ्यांच्या मागे लागले. फ्लॅश भिंगाच्या अगदी शेजारी असला की त्याचा उजेड सरळ डोळ्यात शिरतो, मागच्या पडद्यावर आपटतो आणि तिथल्या रक्ताचा रंग घेऊन आल्या वाटेने परत येतो. म्हणून फ्लॅश बाजूला धरायचा. घरातले सगळे दिवे लावायचे, म्हणजे बाहुली बारीक होते. माणसांना सांगायचं, माझ्या कॅमेऱ्यात बघू नका, माझ्या कानाकडे बघा. वाडीतली पोरं अजून माझी नक्कल करतात, "कानाकडं बघा, कानाकडं!" सगळ्यात उत्तम म्हणजे फ्लॅश छताकडे मारायचा. पण आमची घरं कौलारू. फ्लॅश वर मारला की उजेड कौलांत शिरतो आणि तिथेच मुक्काम करतो. मग सरळ मारावा लागतो, आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर एकेक डोळा काळा करत बसावं लागतं. तेरा वर्षांत मी या तालुक्यातले किती डोळे काळे केले असतील देव जाणे. आमच्यात देव म्हणत नाहीत, पण तोंडात बसलंय.

सनीचं नामकरण झालं तेव्हा तो तीन महिन्यांचा होता. रत्नपालला सुट्टी मिळेना म्हणून उशिरा झालं. वंदनेसाठी लावलेल्या मेणबत्त्या समुद्राच्या वाऱ्याने विझतात, म्हणून सखूने सगळ्या खिडक्या घट्ट लावून घेतल्या होत्या. त्यात करंट कमी. खोलीत एवढा अंधार, की सगळ्यांच्या बाहुल्या मांजरासारख्या मोठ्या झालेल्या, आणि मी फ्लॅश सरळ मारत होते. एकेचाळीस फोटो काढले. सगळेच्या सगळे लाल येणार हे मला काढतानाच माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ते दुरुस्त करायला बसले तेव्हा सखू शेजारच्या स्टुलावर होती. सुकट निवडत होती, माझा अख्खा स्टुडिओ वासाने भरला होता. मी डोळ्यावर क्लिक करत होते आणि लाल जाऊन काळं येत होतं. सखूचे डोळे झाले, प्रज्ञाचे झाले, सनीचा उजवा झाला. डाव्यावर क्लिक केलं तर काही होईना. तो लाल नव्हताच. ओल्या खोबऱ्याचा काप ठेवावा तसा पांढरा होता.

मला वाटलं, पांढऱ्या झबल्याची झळक असेल. दुसरा फोटो उघडला, तिसरा उघडला. ज्या ज्या फोटोत सनीचं तोंड कॅमेऱ्याकडे, त्या त्या फोटोत तसंच.

"सखू, हे बघ गं."

तिने बघितलं. हातातली सुकट तशीच राहिली. मग म्हणाली, "पूस."

"अगं, पण असं का आलं? बघ ना, सगळ्यांत आहे."

"पूस म्हनते ना. आदीच लोक ग्रहनाचं काडतात."

ग्रहणाचं असं. प्रज्ञाला सहावा महिना होता तेव्हा ग्रहण लागलं आणि प्रज्ञा अंगणात विळी घेऊन बांगडे साफ करत बसली. शेजारच्या आळीतल्या बायका बघून गेल्या. सखूने तेव्हा छाती काढून सगळ्यांना सांगितलं होतं, आमच्यात असलं काय मानत न्हायत, आमची सून शिकलेली हाय. मला तिचा अभिमान वाटला होता. तिच्या पोटात मात्र भीती बसली होती, ती मला त्या स्टुलावर दिसली. ग्रहणाची भीती तिला होती की नव्हती ते सांगता येत नाही. बायकांच्या तोंडांची नक्की होती. प्रज्ञाला आई नाही, बाळंतपण सखूनेच केलं, लेकीसारखं केलं. त्या लेकीकडे कोणी बोट दाखवू नये, एवढंच तिला हवं होतं.

"डॉक्टरला दाखव एकदा," मी म्हणाले.

"दावते. पन फोटोत नको. फोटो कायमचा ऱ्हातो."

मी पुसला. पुसला म्हणजे काय केलं, तर सनीचा चांगला उजवा डोळा उचलला, उलटा केला आणि डाव्याच्या जागी बसवला. पापण्या जुळवल्या. जीव ओतून काम केलं मी. एक चूक राहिली. डोळा उलटा केला की त्यातला चमकेचा ठिपकाही उलट्या बाजूला जातो, तो परत जागेवर आणायला मी विसरले. सखूच्या घरी भिंतीवर ती फ्रेम लागली तेव्हा मला ते दिसलं. एका डोळ्यातली चमक डावीकडे, दुसऱ्यातली उजवीकडे. दुसऱ्या कुणाच्या लक्षात येणार नाही. मी मात्र त्या घरात गेले की त्या भिंतीला पाठ करून बसते.

आठवड्याने मी सखूला विहिरीजवळ विचारलं. ती म्हणाली, "दावलं. काय न्हाय म्हनाला डॉक्टर. ल्हान पोरांचं असतं तसं."

मी विश्वास ठेवला. का ठेवू नये? मीठ देणाऱ्या-घेणाऱ्या बायका आम्ही.

सनी पाच महिन्यांचा असताना एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसले होते. प्रज्ञा त्याला खिडकीशी धरून उभी होती. एकदम म्हणाली, "आई, ह्याचा डावा डोळा मांजरासारखा चमकतो. तुम्ही बघितलंय का कधी?"

सखू उठली, भिंतीवरची फ्रेम काढली आणि तिच्यापुढे धरली. "हे बघ. कुटं चमकतो? येवड्या मोट्या कॅमेऱ्याला दिसलं न्हाय आन् तुला दिसलं? शाळा, घर, पोर, झोप न्हाय तुला, दुसरं काय न्हाय."

प्रज्ञाने फ्रेम बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "डॉक्टरांना..." आणि सखूने माझ्याकडे असं बघितलं की पुढचं मी चहाबरोबर गिळलं. डॉक्टरने बघितलंय, काही नाही म्हणालाय, मग पोरीला कशाला घाबरवा, असं मी स्वतःला सांगितलं. प्रज्ञा हसून म्हणाली, "मलाच भास होत असेल." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही. पुढे सहा महिन्यांनी शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं. तिथल्या बाईंनी तिच्या कडेवरच्या पोराकडे नुसतं बघितलं आणि म्हणाल्या, ह्याला आजच्या आज मुंबईला न्या.

तर, त्ये मला काय म्हायती, असं सखू म्हणाली.

"सखू, तू म्हणालीस डॉक्टरला दाखवलं म्हणून."

"मी? मी कदी म्हनाले?"

"डॉक्टर काय नाही म्हणाला, लहान पोरांचं असतं, असं म्हणालीस. विहिरीजवळ."

"तुला सपान पडलं असंल." ती अजून फ्रेमांकडेच बघत होती. "हे बघ जयमाला, मी अडानी बाई. फोटोतलं मला काय कळतं? तुला कळतं. तुला दिसलं असंल तर तू बोलायचं हुतंस."

"ह्या स्टुलावर बसली होतीस तू. सुकट निवडत होतीस."

"मला आटवत न्हाय."

तीस वर्षांत सखू माझ्याशी भांडली आहे, महिना महिना बोलली नाही. एकदा तर माझी घागर विहिरीवरून लाथाडली होती. हे तिने कधी केलं नव्हतं. मला एकदम लख्ख दिसलं, की प्रज्ञाने विचारलं तर ही असंच बोलेल, ह्याच आवाजात, आणि त्या घरात माझं नाव कायमचं त्या पांढऱ्या डोळ्याला चिकटेल. आणि त्याहून वाईट म्हणजे ती बोलेल त्यातलं अर्धं खरंच आहे. डोळा मला दिसला होता. हात माझा होता.

"म्हणजे डॉक्टरकडे नेलंच नव्हतंस," मी म्हणाले.

"उडालं म्हन," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुपारी जेवायला घरी गेले नाही. कॉम्प्युटरवर बारशाचा फोल्डर उघडला. मी कॅमेऱ्यातला मूळ फोटो कधी फेकत नाही, ही माझी एक सवय. गिऱ्हाईक कधी परत येईल सांगता येत नाही, भागुबाईसारखं. एकेचाळीस फोटो, खाली तारीख. सगळे निवडले. निळे झाले. उडवायला एका बोटाचं काम होतं.

तेवढ्यात हरिहरेश्वरहून परतणारं एक जोडपं आलं, मोबाइलमधले फोटो छापून हवे होते. मुलगी म्हणाली, "काकू, मला जरा गोरी कराल?" मी म्हणाले, नाही, आमचं मशीन बिघडलंय. ती दोघं तोंड वाकडं करून गेली. मी परत येऊन बसले तेव्हा निळे झालेले फोटो तसेच माझी वाट बघत होते. मी दुसरीकडे क्लिक करून निळं घालवलं.

प्रज्ञा तीन वाजता आली. सनी कडेवर, हातात तांदळाची भाकरी, तिचा निम्मा भाग प्रज्ञाच्या खांद्यावर. दोन रात्री झोपली नव्हती हे दिसत होतं, पण चेहरा उजळलेला होता.

"काकी, पडद्यापलीकडे बसवू नका हं, आत येते," ती म्हणाली आणि सखूच्या स्टुलावर बसली. "आईंनी सांगितलं असेल ना? तुम्ही आम्हाला ओरडायचात, कानाकडं बघा म्हणून. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? फोटोत डोळा लाल आला तर चांगलं! उजेड मागच्या पडद्यापर्यंत पोचला असा त्याचा अर्थ. लाल म्हणजे वाट मोकळी. आपण सगळे उगाच घाबरायचो लाल डोळ्याला."

"असं म्हणाले?"

"हो. आणि बारशात तर अंधार होता, सगळे लालच आले असणार. सनीचे दोन्ही डोळे लाल असले ना, तर तेव्हा डोळा चांगला होता. मग पुष्कळ आशा आहे म्हणाले." तिने सनीच्या तोंडातला भाकरीचा लगदा बोटाने काढला. "फ्रेममध्ये चांगलेच आहेत. मी रत्नपालला म्हटलं, जयमालाकाकी काही फेकत नाहीत, त्यांच्याकडे असतील."

मी तोंड उघडलं आणि पडदा सारून सखू आत आली. धावत आली होती. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"न्हायत तिच्याकडं," ती धापा टाकत म्हणाली. "उडालं. कॉम्प्युटर बिगडला हुता तिचा."

प्रज्ञा वळली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

सखू माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं. तिच्या नजरेत विनवणी होती, सकाळी नव्हती ती. सकाळी असती तर कदाचित मी मोडले असते.

"आहेत," मी म्हणाले आणि पहिला फोटो उघडला.

सखूच्या मांडीवर सनी, पांढरं झबलं, मागे बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती. सखूचे दोन्ही डोळे लाल. शेजारी प्रज्ञा, दोन्ही डोळे लाल. सनीचा उजवा लाल. डावा पांढरा.

प्रज्ञा थोडी पुढे झुकली. माणूस लहान अक्षर वाचायला झुकतं तशी.

"दुसरा दाखवा."

दाखवला.

"पुढचा."

मी बटण दाबत गेले. काही फोटोंत सनी झोपलेला, काहींत बाजूला बघत. जिथे समोर बघत होता तिथे डावा पांढरा. सतराव्या की अठराव्या फोटोवर ती म्हणाली, "फ्रेममधला कुठला?"

मी दोन्ही शेजारी शेजारी लावले. कॅमेऱ्यातला डावीकडे, माझा उजवीकडे.

"हा डोळा कुठून आला?"

"त्याचाच आहे. उजवा. उलटा करून लावला."

ती बघत राहिली. शिक्षिका आहे, पोरांच्या वह्या तपासून नजर तयार झालेली. तिने स्क्रीनवर बोट ठेवलं, एका चमकेवर, मग दुसरीवर. सनीनेही बोट पुढे केलं आणि स्क्रीनवर भाकरी फासली.

"म्हणजे तुम्ही बघितलं होतं."

"हो."

"तीन महिन्यांचा होता तेव्हा."

"हो."

"मी म्हणाले होते, काकी. मांजरासारखा चमकतो म्हणाले होते. तुम्ही तिथे बसला होतात. चहा पीत होतात." तिचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "मी सहा महिने स्वतःला वेडी समजत होते. रात्री बॅटरी लावून त्याच्या डोळ्यात बघायचे आणि मग त्या फ्रेमकडे बघायचे. म्हणायचे, प्रज्ञा, झोप आता, मोठ्या कॅमेऱ्यात काही नाही."

मी सखूकडे बघितलं. ती लग्नाच्या एका नमुना अल्बमवरची धूळ पदराने पुसत होती. एका शब्दाने मी तिला ह्यात ओढू शकले असते. जिभेवर आला होता तो शब्द. तीस वर्षांचं मीठ आणि सकाळचं ते आटवत न्हाय, दोन्ही एकदम समोर आलं. पण मला तो माझ्या तोंडून नको होता. मला तो तिच्या तोंडून हवा होता, आणि ती धूळ पुसत होती.

"मी पुसायला नको होतं," मी म्हणाले. "चूक झाली, प्रज्ञा."

"चूक?" ती म्हणाली. बॅगेतून पेनड्राइव्ह काढून तिने टेबलावर ठेवला. माझ्या हातात दिला नाही.

मी फोटो त्यात घालायला लावले. स्क्रीनवरची हिरवी पट्टी सरकू लागली. एवढा वेळ ती कधी घेत नाही, त्या दिवशी घेतला. तिघी बायका त्या पट्टीकडे बघत होतो. सनी एकटाच माउसच्या लाल उजेडाशी खेळत होता, एकदा उजव्या डोळ्याने बघत, मान वळवून पुन्हा उजव्याच डोळ्याने बघत. हे मला तेव्हा दिसलं. आधीही तो असंच बघत असणार.

पट्टी भरली. प्रज्ञाने पेनड्राइव्ह काढला, सनीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

"उद्या डॉक्टरांना फोन करायचा आहे," ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "कधीपासून आहे ते विचारतील. तीन महिन्यांपासून असं सांगते. त्याआधीचं काही आपल्याकडे नाही. कदाचित त्याआधी चांगला असेल. पहिले तीन महिने बघितलं असेल त्याने, तर थोडं तरी..." तिने ओठ दाबून घेतले. "थोडं तरी शिकला असेल."

ती पडदा सारून निघाली.

"तीन म्हैने न्हाय," सखू म्हणाली.

प्रज्ञा थांबली. सखूच्या हातात अल्बम तसाच होता, तो तिने छातीशी धरला होता.

"डॉक्टरला खोटं नको सांगू, बाय. तीन म्हैने न्हाय." तिचा आवाज बारीक झाला होता, मला अनोळखी. "तिसरा आटवडा हुता. मी त्याला न्हाऊ घालत हुते मोरीत, दारातनं ऊन आलं आन् त्यानं डोळं उघडलं. डावा पांडरा हुता. मी रोज बघत हुते, प्रज्ञा. रोज त्याल लावताना बघत हुते. जयमालानं दावायच्या आदीपास्नं मला म्हायती हुतं, आन् पूस म्हनून मीच सांगितलं तिला."